पान एकतीस आणि पान अठ्ठ्याऐंशी

बेनिग्ना सिस्नेरोसच्या नावापुढे एकही पदवी नाही, तरी आमच्या विद्यापीठातले पाच खात्यांचे प्राध्यापक तिच्याशी बोलण्याआधी घसा साफ करतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ते तिच्याकडे फक्त गाडीची किल्ली मागायचे.

मी मूळची धुळ्याची. परदेशातल्या या डोंगराळ मुलखात संख्याशास्त्र शिकवायला आले त्याला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी शाश्वतता केंद्रात गेली. केंद्राचं पूर्ण नाव इतकं लांबलचक आहे की दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत मावत नाही. त्यात 'आंतरविद्याशाखीय' असा एक शब्द आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाच खात्यांची माणसं एका टेबलाभोवती बसतात, एकाच किटलीतली कॉफी पितात आणि आपापल्या खोलीत जाऊन आपापलं प्रकरण लिहितात. मग ती प्रकरणं एकत्र शिवली की त्याला संयुक्त अहवाल म्हणतात. मी चेष्टा करतेय खरी, पण त्या अहवालांवर माझीही सही असते.

बेनिग्ना केंद्राची तंत्रसहायक. एकोणिसाव्या वर्षी ती प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला लागली. पुढे तिच्याकडे गाडी आली, मग नदीवरच्या मोजपट्ट्या आल्या, मग विहिरी. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्यावर कायम पुरुषी टोपी. विहीर मोजायची तिची पद्धत जुनी होती. पोलादी टेपेच्या टोकाला निळा खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचं. केंद्राने हौसेने घेतलेली यंत्रं कडाक्याच्या थंडीत मान टाकत. बेनिग्नाच्या खडूला असले नखरे नव्हते. तिचे हात सदा खडूने माखलेले, त्यामुळे नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी तिलाच 'डॉक्टर' म्हणत. ती मानेने आमच्या संचालकाकडे दाखवायची. "डॉक्टर ते. स्वच्छ हातांचे. मी त्यांना आकडे आणून देते."

हॉलिस वेंट आमचा संचालक. स्थापत्य अभियंता, उंच, सज्जन, वेळेचा पक्का. त्याला नदी दाखवली की तो तिचा व्यास शोधायचा, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो.

बेनिग्नाचं गाव एल फ्रेस्नो, विद्यापीठापासून पाऊण तासावर. गावाला नदीवरून काढलेला एक मातीचा पाट आहे, कित्येक पिढ्यांपूर्वीचा. तो आधी वरच्या वस्तीतून वाहतो. मग एक लाकडी दार लागतं आणि त्या दारापुढचा फाटा खालच्या वस्तीला जातो. नोव्हेंबरात पाणी बंद होतं. मार्चअखेर सगळे वाटेकरी फावडी घेऊन गाळ उपसतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाणी सोडतात. कुणाची पाळी कधी, हे पाटकरी ठरवतो. आधी बेनिग्नाचे वडील पाटकरी होते, आता तिचा थोरला भाऊ एलिसेओ आहे. एलिसेओ वरच्या वस्तीत राहतो. बेनिग्ना खालच्या वस्तीत, जिथली सत्तावीस घरं हाताने खोदलेल्या जुन्या विहिरींवर जगतात. तिथे नळ नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. आमच्या केंद्राने तीन वर्षं खपून या पाटावर एकशे बारा पानांचा अहवाल तयार केला होता. वेंटच्या प्रकरणाचं सार असं: पाटात शंभर भाग पाणी सोडलं तर एकेचाळीस भाग वाटेतच गळून वाया जातं. उपाय, मातीचा पाट बुजवा आणि पाईप टाका. पाईप सरकार देणार होतं. फक्त एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वाटेकऱ्यांच्या सभेत हात वर व्हायचे बाकी होते, आणि ते होणार यात कुणाला शंका नव्हती. पाईपला गाळ उपसावा लागत नाही. एल फ्रेस्नोतल्या प्रत्येक कमरेचं मत पाईपला होतं.

पाचही प्रकरणं आणि अनिश्चिततेवरचं माझं सहावं, असा सगळा अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी व्यक्ती विद्यापीठात एकच होती. आकृत्यांचे क्रमांक जुळवायचं कंटाळवाणं काम आम्ही बेनिग्नाच्या गळ्यात मारलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आमचा संयुक्त वर्ग चालू होता. नऊ विद्यार्थी, पुढे वेंट, खिडकीपाशी भूजलाची प्राध्यापिका मारित आमुन्सेन, कोपऱ्यात मी. वेंट पडद्यावर पाईपची आकृती दाखवत होता. मागे दाराशी उभ्या असलेल्या बेनिग्नाने हात वर केला. तिने वर्गात हात वर केलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"डॉक्टर, एक विचारू? पान एकतीसवर तुम्ही म्हणता, एकेचाळीस भाग पाणी वाया जातं."

"बरोबर."

"पान अठ्ठ्याऐंशीवर डॉक्टर आमुन्सेन म्हणतात, खालच्या वस्तीतल्या विहिरींचं दरवर्षी जमिनीतून आपोआप पुनर्भरण होतं. तिथला आकडा बघा. थोडा इकडेतिकडे, पण तेवढाच आहे. मला फक्त एवढंच सांगा, ही दोन पाणी आहेत की एकच?"

वेंट हसला. वाईट हसला नाही, मास्तर हसतात तसं. "ते नैसर्गिक पुनर्भरण आहे, बेनिग्ना. डोंगरावरचं बर्फ वितळतं, जमिनीत मुरतं. पाटाचा त्याच्याशी संबंध नाही."

"असं मोजलंय?"

आता आमुन्सेनने चष्मा काढला. ती बाई प्रामाणिक. "मोजलेलं नाही," ती म्हणाली. "धरलंय."

"धरलंय म्हणजे?"

"म्हणजे गृहीत."

"आणि पाईप टाकल्यावर?"

"पाईप टाकल्यावर वाचलेलं पाणी शेतांना," वेंट म्हणाला, "आणि विहिरींचं पुनर्भरण आहे तसंच."

"म्हणजे तेच पाणी शेतालाही आणि विहिरीलाही! दोन्ही घरी दूध देणारी अशी एक गाय मलाही बघा ना, डॉक्टर."

मुलं खो खो हसली. वेंटचे कान लाल झाले. "तुझ्याकडे माप आहे का काही?"

"मापं तुमच्याकडेच आहेत. तीन वर्षांची. सगळी जून ते ऑगस्टमधली."

मी तिथल्या तिथे खुर्चीत लहान झाले. आम्हा विद्यापीठवाल्यांचं पाणी जूनमध्ये सुरू होतं, कारण तेव्हा आमचे वर्ग संपतात. मेच्या अखेरीस आम्ही टोप्या घालून एल फ्रेस्नोला जायचो आणि ऑगस्टमध्ये परत यायचो. पाट तेव्हा तुडुंब असतो. तो कोरडा असताना विहिरींचं काय होतं, हे बघायला तीन वर्षांत आमच्यातला एकही माणूस फिरकला नव्हता. आकडे किती टक्क्यांनी चुकू शकतात यावर मी तेवीस पानं लिहिली होती आणि दोन आकडे एकाच पाण्याचे आहेत हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत खोलीबाहेर पडले नाही.

संध्याकाळी मी तिच्या गाडीत बसले. म्हटलं, "आमच्या भाषेत याला दोन शब्द आहेत. नळातून ठिबकते ती गळती, ती बंद करायची असते. जमिनीत मुरून पुढे विहिरीत येतो तो पाझर. तो मिळावा म्हणून आमच्याकडे मुद्दाम तलाव बांधतात."

"असं?" बेनिग्ना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. प्राध्यापिकेला तिच्या गावात 'प्रोफे' म्हणतात. "आणि प्रोफे, तू त्या भाषेतून येऊन पान एकतीसखाली सही केलीस?"

"केली," मी म्हटलं.

"पाईप आला तर माझी विहीर दोन उन्हाळे काढेल," ती पुढे म्हणाली. "आणि बाकीची सव्वीस घरं. मला तुमचा अहवाल पाडायचा नाही, प्रोफे. मला तिथे राहायचंय. बस्स."

दुसऱ्या दिवशी वेंटने तिला बोलावलं. त्याची मोठी गोष्ट अशी, की दुखावला तरी तो दार लावून घेत नाही. "सभेपर्यंत हा वर्ग तुझा," तो म्हणाला. "मुलं घे, गाडी घे. पुरावा आणलास तर सभेत मी स्वतः वाचून दाखवीन. नाही आणलास तर अहवाल आहे तसा जाईल." आज तो विषय कायमचा बेनिग्ना शिकवते आणि पदवीशिवाय तिला कसं नेमायचं यावर विद्यापीठाचे वकील दीड वर्ष डोकं खाजवत होते, पण ते सगळं नंतरचं.

ती मुलांना घेऊन निघाली. चौदा विहिरी, सात वरच्या वस्तीतल्या, सात खालच्या. रोज सकाळी खडू, टेप, आकडा. मार्चभर सगळ्या विहिरी सावकाश उतरत होत्या. आमुन्सेन एकदा येऊन बघून गेली आणि तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"एप्रिलमध्ये तुम्ही पाटात पाणी सोडाल आणि विहिरी चढतील," ती म्हणाली. "पण एप्रिलमध्येच बर्फही वितळतं. चढल्या त्या पाटामुळे की बर्फामुळे, हे कसं ओळखणार?"

बेनिग्नाने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "मग एका वस्तीला पाणी सोडू आणि दुसरीला नाही. बर्फ काय वस्ती बघून वितळणार आहे?"

हेच मी अठरा वर्षं फळ्यावर शिकवत होते, आणि इतक्या सोप्या भाषेत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. पण पाटाचं दार बेनिग्नाच्या हातात नव्हतं. ते एलिसेओच्या हातात होतं.

गाळ उपसायच्या दिवशी आम्ही त्याला गाठलं. पन्नासएक माणसं पाटात उतरली होती. आमच्या मुलांच्या हातांतही त्याने फावडी दिली होती आणि अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी तासाभरातच पाईपच्या बाजूने बोलायला लागला होता.

"दहा दिवस?" एलिसेओने फावडं रोवलं. "वरच्यांना दहा तारखेला पाणी आणि खालच्यांना वीसला? लसूण लावलाय लोकांनी, बेने. ते मला याच पाटात पुरतील."

"पुरू देत. तेवढंच एक माणूस कमी उपसायला."

"हे खूळ त्या विद्यापीठानं भरवलंय तुझ्या डोक्यात."

"उलट आहे. मी त्यांच्या डोक्यात भरवतेय, आणि तिथे फार गर्दी आहे रे."

एलिसेओ हसू दाबत होता ते मला दिसलं. "आणि तुझ्या खालच्या विहिरी पाण्याशिवायच चढल्या तर?"

"तर सभेत मी स्वतः उभी राहून पाईप मागीन."

"मोठ्यांदा?"

"मोठ्यांदा. आणि नाही चढल्या, तर तीन वर्षं माझ्या वाटचा गाळ तू उपसायचास."

त्याने तळहातावर थुंकून हात पुढे केला आणि तिने निळ्या खडूच्या हाताने तो धरला. खालच्या वस्तीला त्याने काय सांगून गप्प केलं ते मला आजवर कळलेलं नाही. पाटकऱ्याचा शब्द तिथे मोडत नाहीत, पुटपुटतात मात्र खूप.

दहा एप्रिलला वरच्या पाटात पाणी आलं. तिसऱ्या दिवशी पाटालगतची पहिली विहीर दोन बोटं चढली. पाचव्या दिवसापर्यंत वरच्या सातपैकी सहा चढल्या. खालच्या सातही उतरतच होत्या. मी केंद्राच्या भिंतीवर दोन रंगांत रेघा काढत होते आणि वेंट रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, पण संख्याशास्त्राच्या बाईला दहा दिवस पुरे होण्याआधी नाचता येत नाही.

मग ईस्टर आला. रविवार आणि सोमवार मोजणी बंद. मंगळवारी सकाळी खालच्या वस्तीत पर्फीलिया लुसेरोच्या विहिरीत टेप सोडली आणि बेनिग्नाने ती वर ओढली. तिने खडू पाहिला, पुसला, पुन्हा फासला, टेप पुन्हा सोडली. विहीर एक वीत चढली होती. पाटाच्या फाट्यात पाण्याचा थेंब नसताना.

पर्फीलिया मुलांसाठी पानोचा घेऊन बाहेर आली होती, गव्हाच्या मोडांचा गोड लगदा, उपासाच्या दिवसांतला शिल्लक राहिलेला. "चांगलंच झालं की," म्हातारी म्हणाली. "पाणी वाढलं. खा, बाळांनो." कुणी चमचा उचलला नाही.

आमुन्सेन त्या दिवशी आमच्याबरोबर होती. ती हळूच म्हणाली, "बर्फ असेल, बेनिग्ना. मला खरंच वाईट वाटतंय."

बेनिग्ना विहिरीच्या कठड्यावर बसली. मी तिला इतकी वर्षं ओळखते. आजारी, चिडलेली, भावाशी भांडलेली, सगळी पाहिली होती. हरलेली पाहिली नव्हती. तिचे खांदे एकदम खाली आले. तेवढ्यात एलिसेओ घोड्यासारखा फुरफुरत आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"सभेत मोठ्यांदा हं, बेने," तो म्हणाला. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी मात्र बाकीचे आकडे पुन्हा बघत होते. खालच्या इतर सहा विहिरी उतरतच होत्या. रेघ सरळ खाली. मी म्हटलं, "बेनिग्ना, एक मिनिट. बर्फाचं पाणी असतं तर एकट्या पर्फीलियाच्या विहिरीत कसं येईल? बाकीच्या सहांनी काय घोडं मारलंय?"

बेनिग्नाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही. पर्फीलियाच्या कुंपणापलीकडे बघितलं. पलीकडे फिदेन्सिओ अबेताचा लसूण होता. आजूबाजूच्या सगळ्या वाफ्यांतला लसूण पिवळा पडून माना टाकत होता. फिदेन्सिओचा मात्र हिरवागार, ताठ.

"फिदेन्सिओ!" तिने अशी हाक मारली की कोंबड्या उडाल्या.

सत्तरीचा म्हातारा दाराआडून बाहेर आला. आधी डोकं, मग उरलेला, असा. एलिसेओ कुंपण ओलांडून गेला, वाफ्यात बोट खुपसलं आणि वर धरलं. बोटाला चिखल होता.

"हे काय, फिदेन्सिओ?"

"दव पडतं."

"गुडघाभर?"

"माझ्याकडे जास्त पडतं."

"दार कधी उघडलंस?"

म्हाताऱ्याने आकाशाकडे पाहिलं. "गुरुवारी जरासं. शुक्रवारी जरासं. शनिवारीही. तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात. मी देवाला सांगितलं, बाबा, मी घरूनच करतो प्रार्थना, लसणाकडे कुणीतरी बघायला हवं."

एलिसेओ त्याला काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पाटकऱ्याची नजर चुकवून पाणी चोरणं हे त्या गावात चर्चमध्ये मेणबत्ती फुंकण्याइतकं मोठं पाप. पण बेनिग्ना आमच्यासमोर हसायला लागली होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने फिदेन्सिओचे दोन्ही गाल धरले आणि दोन्हींवर निळे पंजे उमटवले.

"डॉक्टर आमुन्सेन," ती ओरडली, "तीन दिवस थोडं थोडं पाणी, एका वाफ्यात! आणि शेजारची विहीर वीतभर! हे तुमचं बर्फ! सत्तर वर्षांचं आहे आणि खोटं बोलतं!"

आमुन्सेनने पानोचाची वाटी घेतली आणि मुलांबरोबर पर्फीलियाच्या पायरीवर बसून खाल्ली. खाताना ती स्वतःशीच मान हलवत होती. "असा प्रयोग मला पैसे देऊनही मांडता आला नसता," ती म्हणाली. फिदेन्सिओने ते ऐकलं आणि लगेच छाती पुढे काढून विचारलं, "मग माझं नाव छापणार ना?" छापलं. सुधारित अहवालाच्या आभारांत ते आहे. त्याने कशासाठी मदत केली ते मात्र आम्ही मोघम ठेवलं.

वीस तारखेला एलिसेओने खालच्या फाट्याचं दार उघडलं. या वेळी बेनिग्नाने खालच्या सत्तावीस घरांच्या सगळ्याच विहिरी मोजायला घेतल्या, आणि त्या ओळीने चढत गेल्या. आधी फाट्याजवळच्या, मग लांबच्या. पाचव्या दिवशी सकाळी बेनिग्नाने मला तिच्या अंगणात बोलावलं. टेप मला दिली. मी ती वर ओढली आणि निळा खडू कालच्यापेक्षा चांगला चार बोटं जास्त भिजलेला होता. मला रडू आलं हे मी कबूल करते.

सभेला कधी नव्हे त्या खुर्च्यांच्या सगळ्या रांगा भरल्या. चर्चशेजारच्या सभागृहात एलिसेओ टेबलामागे काठी घेऊन बसला होता. वेंट उठला. त्याने कोट घातला होता आणि त्याच्या हातात अहवाल होता.

"पान एकतीस मी लिहिलं," तो म्हणाला. "आकडा बरोबर आहे. शब्द चुकला. मी त्या पाण्याला 'वाया' म्हटलं. डॉक्टर आमुन्सेन यांनी पान अठ्ठ्याऐंशीवर त्याच पाण्याला 'पुनर्भरण' म्हटलं. ते दोन्हीकडे धरून आम्ही तुम्हाला सांगितलं की पाईप टाका, शेतंही भिजतील आणि विहिरीही भरतील. ते खोटं आहे. पाईप टाकलात तर विहिरी जातील. आम्ही एकमेकांची प्रकरणं वाचली नाहीत."

"तीन वर्षं एका इमारतीत बसून?" मागून कुणीतरी विचारलं.

"एकाच मजल्यावर," आमुन्सेन म्हणाली, आणि सभागृहात हशा पिकला.

हसू ओसरल्यावर वेंट बेनिग्नाकडे वळला. त्याचा चेहरा गंभीर होता. "बावीस वर्षं तू माझ्याबरोबर काम करतेस. हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. मला आधी का नाही सांगितलंस?"

बेनिग्ना उभी राहिली. तिने टोपी काढली होती, आणि केस पिकलेले मी तेव्हाच पाहिले.

"डॉक्टर, बावीस वर्षं तुम्ही मला विचारलंत, पाणी किती आहे. कुठे जातं, ते एकदाही विचारलं नाहीत."

वेंटने अहवाल मिटून टेबलावर ठेवला.

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. कुठे जातं?"

"आधी पर्फीलियाच्या विहिरीत," बेनिग्ना म्हणाली. पर्फीलिया काठी टेकत उभी राहिली. "मग शाळेमागे, होनोरियोच्या." होनोरियो उठला. "मग त्या दोघी बहिणींच्या. मग वळणावरच्या तीन घरांच्या." ती एकेक घर सांगत गेली, कितव्या दिवशी आणि किती बोटं, आणि जो तो आपलं नाव आलं की उभा राहत होता. कागद तिच्या हातात नव्हता. सत्तावीस घरं झाली तेव्हा अर्धं सभागृह उभं होतं. "आणि उरलेलं परत नदीत. खालच्या गावांना," ती म्हणाली आणि बसली.

एलिसेओने खाकरून घेतलं. "पाईप हवा त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. बसलेल्या वरच्या वस्तीतल्यांचाही नाही. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्यांदा, शेवटच्या रांगेपर्यंत. त्याचे स्वतःचे दोन्ही हात काठीवर होते.

"पाईप नको त्यांनी."

सगळे हात एकदम वर गेले. एलिसेओ उभा राहून मोजायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने काठी टेबलावर आपटली.

"डॉक्टर वेंट, तुम्ही वाटेकरी नाही. हात खाली घ्या."

वेंटने हात खाली घेतला नाही.